कुत्रा, कलेजी आणि आइसलंडची पुस्तिका

आपल्या समाजात कुत्र्याचा विषय निघाला की चर्चा दोन वाक्यांत पाक-नापाकवर येते. एक बाजू म्हणते, कुत्रा नापाक, त्याला घरात आणू नका, रहमतचे फरिश्ते येत नाहीत. दुसऱ्या बाजूला आता पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये लॅब्रॅडॉर पाळणारी आपलीच तरुण मंडळी आहेत. ती म्हणतात, हे सगळे जुने झाले, आमचा कुत्रा माणसांपेक्षा स्वच्छ राहतो. दोघेही आपापल्या जागी ठाम. पण त्या कुत्र्याच्या आतड्यात काय राहते, ते तिथे पोहोचते कसे आणि पोहोचवण्यात आपला हात किती, हे विचारायला कुणाला सवड नसते. हा लेख त्याबद्दल आहे. त्यासाठी आपल्याला पार आइसलंडपर्यंत जावे लागेल, पण सुरुवात आपल्या घरातल्याच एका शब्दापासून करू.

शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला पट्टकृमी म्हणतात आणि डॉक्टर टेपवर्म म्हणतात, त्याला उर्दूत ‘कद्दूदाना’ म्हणतात. युनानी हकीम पोटातल्या जंतांची नावे घेताना केंचुए, कद्दूदाने आणि चुन्ने असे प्रकार सांगतात. ‘कद्दूदाना’ हा अरबी ‘हब्बुल कर्अ’चा सरळ तर्जुमा आहे: भोपळ्याची बी. पट्टकृमीच्या अंगाचे तुकडे सुटून विष्ठेतून बाहेर पडतात आणि ते खरोखरच भोपळ्याच्या किंवा काकडीच्या बीसारखे दिसतात. ज्यांनी कुत्रा पाळला आहे त्यांनी त्याच्या शेपटीखाली चिकटलेले, वाळल्यावर तांदळाच्या कणीसारखे दिसणारे दाणे पाहिले असतील. तेही एका पट्टकृमीचेच तुकडे. तो जंत पिसवांमधून कुत्र्याच्या पोटात जातो.

इब्न सीना (980-1037) यांच्या ‘अल-कानून फित्तिब’ या ग्रंथात आतड्यातल्या जंतांवर स्वतंत्र विवेचन आहे. लांब जंत, चपटे जंत, बारीक जंत असे भेद त्यात केले आहेत आणि उपचारही दिले आहेत. निरीक्षण डोळस होते. कारण मात्र चुकले होते. आतड्यातला कफ सडून त्यातून जंत आपोआप तयार होतात, असे त्या काळी मानत. यात इब्न सीनांना कमीपणा येत नाही, कारण युरोपातले बडे बडे विद्वान एकोणिसाव्या शतकापर्यंत याच समजुतीत होते. ज्याला ‘बी’ म्हटले तिची वेल नेमकी कुठे वाढते, हे शोधायला इब्न सीनांनंतर आठशे वर्षे लागली.

कुत्र्याच्या आतड्यात गोलकृमी असतात, अंकुशकृमी असतात, तीन-चार तऱ्हेचे पट्टकृमी असतात. त्या सगळ्यांत माणसाला सर्वांत जास्त त्रास देणारा जंत आकाराने सर्वांत लहान आहे. त्याचे नाव एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस. नाव लांबलचक, अंग जेमतेम 2 ते 7 मिलिमीटर. गाय-म्हशीच्या मांसातून माणसाच्या आतड्यात येणारा पट्टकृमी काही मीटर वाढतो; त्याच्यापुढे हा म्हणजे कपड्यावरचा पांढरा कण. एकेका कुत्र्यात हे हजारोंनी असू शकतात आणि कुत्र्याला त्याचा पत्ताही नसतो. तो खातो, पितो, शेपूट हलवतो.

या जंताची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर पडतात. शेळी, मेंढी, म्हैस ते गवत खाते. अंड्यातून निघालेले पिल्लू आतड्याची भिंत भेदून रक्तातून यकृतात किंवा फुप्फुसात जाऊन बसते आणि तिथे पाण्याने भरलेली पिशवी तयार होते. तिला हायडॅटिड म्हणतात. कलेजी साफ करताना मध्येच पांढरट, टणक, आत पाणी असलेली गाठ लागते, ती बहुधा हीच. त्या पाण्यात नव्या जंतांची हजारो डोकी वाळूसारखी तरंगत असतात. कुत्र्याने ती गाठ खाल्ली की साधारण दीड-दोन महिन्यांत त्याच्या आतड्यात पूर्ण वाढलेले जंत तयार होतात, आणि फेरा पुन्हा सुरू. माणसाची या फेऱ्यात काही गरज नाही. पण कुत्र्याच्या अंगावरून, अंगणातल्या मातीतून, न धुतलेल्या भाजीतून अंडे त्याच्या पोटात गेले तर जे मेंढीचे होते तेच माणसाचे होते. गाठ बहुतेक वेळा यकृतात, त्याखालोखाल फुप्फुसात होते, कधी मेंदूत किंवा हाडातही. ती फार सावकाश वाढते. लहानपणी पोटात गेलेल्या अंड्याची गाठ तिशी-चाळिशीत कळते. आत फुटली तर जोरदार ॲलर्जीने माणूस दगावू शकतो, आणि सांडलेल्या पाण्यातून पोटभर नव्या गाठी उगवतात.

हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक वचनांत पाण्याने भरलेले यकृत फुटले तर रोगी मरतो, असे निरीक्षण आहे. म्हणजे गाठ माहीत होती. कसायांना तर ती नेहमीच माहीत असणार. पण ती जिवंत प्राण्याची एक अवस्था आहे हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. 1782 मध्ये योहान गोत्झे नावाच्या जर्मन पाद्र्याने गाठीतले कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि त्याला त्यांत पट्टकृमीचे डोके दिसले, आकड्यांसहित. तरी पुढचे पाऊल पडायला 70 वर्षे गेली. 1852-53 च्या सुमारास कार्ल फॉन सीबोल्ड या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने मेंढीच्या गाठी कुत्र्याच्या पिल्लांना खायला घातल्या आणि काही आठवड्यांनी त्यांच्या आतड्यात हे बारीक पट्टकृमी मोजून दाखवले. वेल सापडली.

त्याच काळात फ्रिडरिश क्यूखेनमायस्टर या डॉक्टरने डुकराच्या मांसातल्या गाठी फाशीच्या कैद्याला न सांगता जेवणातून दिल्या आणि फाशीनंतर त्याचे आतडे उघडून जंत शोधले. प्रयोग यशस्वी झाला. आज असे कुणी केले तर त्याला तुरुंगात टाकतील, आणि टाकायलाच हवे. आमच्या वर्गात पट्टकृमीचा धडा आला की मुले डुकराचे चित्र बघून हसतात, “सर, हा आपल्याला नाही होत.” मग मेंढीच्या पट्टकृमीबद्दल सांगावे लागते, आणि वर्ग गप्प होतो.

आता आइसलंड. उत्तर अटलांटिकमधले हे बेट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर डेन्मार्कच्या ताब्यात होते. लोकसंख्या 70 हजारांच्या आत, मेंढ्या लाखांनी. उन्हाळ्यात मेंढ्या डोंगरात मोकळ्या सोडायच्या आणि हिवाळा येण्याआधी गोळा करून आणायच्या, ही तिथली रीत. कुत्र्याशिवाय हे काम होणे शक्य नव्हते, म्हणून घरोघरी कुत्री. थंडी अशी की माणसे आणि कुत्री एकाच गवताळ मातीच्या घरात झोपत. आणि या बेटावर एक रोग इतका पसरला होता की त्याला घरगुती नाव पडले होते, ‘सुल्लावेकी’, म्हणजे फुग्यांचा किंवा गाठींचा आजार. तिथल्या डॉक्टरांचा त्या काळचा अंदाज छापून आला, दर सात माणसांमागे एकाला हा रोग. नंतरच्या डॉक्टरांनी तो आकडा खाली आणला, पण नंतरच्याच शवविच्छेदनांकडे पाहिले तर तो फार फुगवलेला होता असे मला वाटत नाही.

1863 मध्ये हाराल्ड क्राबे हा कोपनहेगनचा तरुण डॉक्टर आइसलंडला गेला. त्याने 100 कुत्र्यांची आतडी उघडून तपासली. 28 कुत्र्यांत एकिनोकॉकस निघाला. डेन्मार्कच्या कुत्र्यांत हाच जंत क्वचित सापडत होता. त्याने अकुरेरी गावचा डॉक्टर योन फिन्सेन याच्याबरोबर माणसाच्या शरीरातून काढलेल्या गाठी कुत्र्यांना घालून पाहिल्या. माणसाची गाठ आणि मेंढीची गाठ एकाच जंताची, हे त्याच सुमारास जर्मनीतही दिसून आले.

इथपर्यंत ही विज्ञानाच्या इतिहासातली नेहमीची गोष्ट आहे. क्राबेने पुढे जे केले त्यामुळे तो मला शिक्षक म्हणून जवळचा वाटतो. त्याने आइसलंडच्या लोकांसाठी एक छोटी पुस्तिका लिहिली. ती 1864 मध्ये आइसलँडिक भाषेत छापून सरकारी खर्चाने घरोघर फुकट वाटली गेली. पुस्तिकेचा मजकूर थोडक्यात असा: हा आजार कुत्र्यातून येतो. कुत्र्याला तो मेंढीच्या गाठीतून येतो. मेंढी कापल्यावर गाठी कुत्र्यापुढे टाकू नका, जाळा किंवा खोल पुरा. कुत्र्यांना जंताचे औषध द्या. गरजेपेक्षा जास्त कुत्री ठेवू नका. त्यांना भांडी चाटू देऊ नका.

आइसलंड गरीब होते, पण जवळपास सगळे लोक वाचू शकत होते. हिवाळ्याच्या लांब रात्री घरातली माणसे एका खोलीत बसून लोकर पिंजत, विणत, आणि एकजण दिव्याजवळ बसून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवी. अशा घरात ही पुस्तिका गेली. 1869 मध्ये कायदा झाला, 1890 मध्ये आणखी कडक कायदा आला आणि कुत्र्यांना दरवर्षी जंताचे औषध देणे बंधनकारक झाले. पण डोंगरापलीकडच्या एकेका वाडीवर कोण मेंढी कापतो आणि गाठ कुठे टाकतो, हे बघायला पोलीस कुठून आणणार? पुढे ट्रेव्हर बिअर्ड या टास्मानियातल्या डॉक्टरने हा सगळा इतिहास तपासून 1973 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात लेख लिहिला. त्याने सर्वाधिक वजन लोकशिक्षणाला दिले. मला ते पटते, पण एक भर घालून. त्याच दशकांत मेंढपाळीचा धंदाही बदलत होता. जिवंत मेंढ्या जहाजांनी ब्रिटनला विकल्या जाऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी सहकारी कत्तलखाने निघाले, त्यामुळे घरी कापणे कमी झाले. पुस्तिका वाचलेल्या माणसाला तसे वागणे सोपे होत गेले. नुसते शहाणपण सांगून माणूस बदलतो, हे 20 वर्षांच्या नोकरीनंतर मी तरी म्हणणार नाही.

परिणाम नील्स दुंगाल या रेक्याविकच्या पॅथॉलॉजिस्टने दाखवला. त्याने 1930 च्या दशकापासून केलेल्या शवविच्छेदनांची नोंद मृतांच्या जन्मवर्षाप्रमाणे लावली. 1861 ते 1870 या दशकात जन्मलेल्यांमध्ये साधारण पाचांत एकाच्या शरीरात गाठी होत्या. पुढच्या प्रत्येक दशकात प्रमाण झपाट्याने उतरत गेले. 1900 नंतर जन्मलेल्यांत जवळजवळ काहीच नाही. म्हणजे पुस्तिका वाटली तेव्हा जी पिढी रांगत होती तिला रोग झाला, तिच्या मुलांना कमी, नातवंडांना नाही. आज आइसलंडमध्ये हा जंत उरलेला नाही. भीती मात्र रोगापेक्षा जास्त टिकली. रेक्याविक शहरात 1924 पासून कुत्रा पाळायलाच बंदी होती आणि ती 1984 मध्ये परवाना पद्धत येईपर्यंत राहिली. त्याच वर्षी देशाच्या अर्थमंत्र्यांवर, आल्बर्ट गुदमुंडसन यांच्यावर, ल्युसी नावाची कुत्री घरात ठेवल्याबद्दल कारवाई झाली. कुत्री सोडणार नाही, हवे तर देश सोडतो, असे ते म्हणाले.

भांडी चाटण्याचा मुद्दा वाचताना आपल्यातल्या कुणालाही हदीस आठवल्याशिवाय राहणार नाही. आइसलंडमध्ये लोक झाकणाच्या लाकडी भांड्यात जेवत, आणि जेवण झाले की ते भांडे जमिनीवर ठेवत, कुत्रा ते चाटून साफ करी. आपल्याकडे हजरत अबू हुरैरा यांच्या रिवायतीत स्पष्ट सांगितले आहे की कुत्र्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा धुवावे, त्यातली एक वेळ मातीने. दर काही महिन्यांनी मोबाइलवर एक मजकूर फिरतो की मातीत कुत्र्याच्या जंतांना मारणारे द्रव्य असते, हे आता विज्ञानाने सिद्ध केले. हा मजकूर पुढे पाठवू नये अशी माझी विनंती आहे. जंतांची अंडी मातीतच टिकतात, मातीतूनच पसरतात. मातीने घासण्याचा उपयोग घासण्यापुरता आहे, आणि तो कमी नाही. साबण नव्हता तेव्हा राख आणि माती हेच घासणीचे साहित्य होते. अंडी मुख्यतः विष्ठेतून येतात. कुत्रा स्वतःचे अंग आणि मागचा भाग चाटतो, म्हणून ती त्याच्या जिभेला आणि तोंडाभोवतीच्या केसांना लागू शकतात, इतकेच खरे. हदीसचा मान राखण्यासाठी तिच्या पाठीमागे कच्चे विज्ञान उभे करण्याची गरज नाही. उद्या ते विज्ञान खोटे ठरले की आपण काय करणार?

आपल्या जुन्या फकीहांचा या प्रश्नाकडे बघण्याचा ढंग आजच्या मोबाइलवाल्यांपेक्षा बराच मोकळा होता. शाफई मजहबात, जो आपल्या कोकणी मुसलमानांचा मजहब आहे, कुत्रा संपूर्ण नापाक मानला जातो. हनफींमध्ये त्याची लाळ नापाक. इमाम मालिक मात्र जिवंत कुत्र्याला नापाक मानत नव्हते. भांडे धुणे हा त्यांच्या मते हुकूम म्हणून पाळायचा. मग धुवायचे तरी का? कुर्तुबाचे काझी आणि हकीम इब्न रुश्द (1126-1198) यांनी ‘बिदायतुल मुज्तहिद’मध्ये आपल्या आजोबांचे, तेही मोठे काझी, मत नोंदवले आहे: इथे सवाल नापाकीचा नाही, कुत्रा पिसाळलेला असेल आणि त्याच्या लाळेतून विष जाईल ही भीती आहे. बाराव्या शतकातला एक मुसलमान कायदेपंडित धार्मिक हुकमामागे आरोग्याचे कारण शोधतो आणि त्याचा नातू ते नाव घेऊन लिहून ठेवतो. त्यांच्यापुढे रेबीज होता, जंत नव्हता. पण प्रश्न विचारण्याची वाट त्यांना माहीत होती. आणि विसरू नये की कुरआनात शिकारी कुत्र्याने पकडलेली शिकार हलाल ठरवली आहे, गुहेत झोपलेल्या अस्हाबे कहफच्या दाराशी त्यांचा कुत्राही आहे, शिकार, शेती आणि गुरे राखण्यासाठी कुत्रा ठेवायला हदीसमध्ये परवानगी आहे आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाल्याची गोष्टही आपल्याच किताबांतली आहे.

मग कुत्र्यापासून लांब राहिल्याने मुसलमान या रोगापासून वाचला का? याचे उत्तर काही अंशी मिळते लेबनॉनमध्ये. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात कॅल्व्हिन श्वाबे हा पशुवैद्य होता. त्याने कमाल अबू दाऊद यांच्यासह 1949 ते 1959 या दहा वर्षांतल्या हायडॅटिडच्या रुग्णांची नोंद तपासून 1961 मध्ये अभ्यास छापला. ख्रिश्चनांमधले प्रमाण मुसलमानांच्या दुपटीच्या आसपास निघाले. कारण उघड होते, ख्रिश्चन घरांत कुत्री जास्त. आणखी एक विचित्र गोष्ट दिसली: चांभारकाम करणाऱ्यांत हा रोग जास्त होता. तिथे कातडे कमावताना कुत्र्याची विष्ठा वापरण्याची जुनी पद्धत होती, आणि चांभार ते चामडे हाताळत, टाके घालताना तोंडाशी नेत.

ही आकडेवारी वाचून कुणी छाती फुगवायच्या आधी पुढचे ऐकावे. दुपटीने कमी म्हणजे शून्य नव्हे. जगाच्या नकाशावर आज हा रोग जिथे मुरलेला आहे त्यात मोरोक्को, ट्युनिशिया, तुर्कस्तान, इराक, इराण, मध्य आशियातले देश ठळक आहेत. म्हणजे बहुसंख्य मुसलमान असलेले, कुत्र्याला घरात न घेणारे देश. तिथले कुत्रे घराबाहेर असतात, राखणीला आणि मेंढरांमागे, आणि मेंढी घरी कापली जाते. मोरोक्कोत ईदुल अजहाला घरोघरी कुर्बानी होते आणि गाठी असलेल्या कलेज्या-फेफडे बाहेर फेकले जातात, हे तिथल्या अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा लिहिले आहे. कुत्र्याला शिवायचे नाही हे आपण पाळले. त्याच्या तोंडात काय फेकायचे नाही, हे कुणी सांगितलेच नाही.

दुसऱ्या टोकाला न्यूझीलंड. तिथे कुत्रा आणि मेंढी ही दोन्ही शेताची जान, आणि हायडॅटिडचे रुग्ण भरपूर. 1959 मध्ये तिथे खास कायदा करून राष्ट्रीय परिषद नेमली गेली. कुत्र्यांना कच्ची वजडी-कलेजी घालायला बंदी आली. ठरलेल्या दिवशी गावातल्या सगळ्या कुत्र्यांना एका पट्टीवर ओळीने बांधायचे आणि औषध द्यायचे. हे औषध म्हणजे ॲरिकोलिन, आपल्या सुपारीतून मिळणारे द्रव्य. कोकणात, कर्नाटकात जी सुपारी आपण पानात घालतो तिच्यातल्या या द्रव्याने जंत लुळा पडतो आणि कुत्र्याला जुलाब होतात. तो जुलाब गोळा करून तपासणी केंद्रात पाठवला जाई. जंत निघाला की मालकाला कळवत, आणि आपल्याच कुत्र्याच्या पोटात तो आहे हे कागदावर दिसल्यावर शेतकरी ऐकत. ज्याने हे काम केले असेल त्या कर्मचाऱ्याला सलाम, दिवसभर कुत्र्यांच्या जुलाबात उभे राहणे सोपे नाही. 1970 च्या दशकात प्राझिक्वांटेल हे औषध आले, जे या पट्टकृमीला थेट मारते, आणि ॲरिकोलिन मागे पडले. 2002 मध्ये न्यूझीलंडने देश या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर केले.

सायप्रसने 1971 पासून वेगळा मार्ग घेतला. मोकाट कुत्री मोठ्या संख्येने मारली, कत्तलखाने ताब्यात घेतले. रोग घटला. 1985 मध्ये मोहीम संपली असे समजून हात झटकले आणि 1990 च्या दशकात जंत पुन्हा जनावरांत दिसला. कुत्री मारणे हाच उपाय असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, आणि आपल्याकडे कायद्याने ते करताही येत नाही.

फ्लॅटमध्ये कुत्रा पाळणाऱ्या मित्रांसाठी आता थोडे. तुमचा कुत्रा पाकिटातले कोरडे खाणे किंवा शिजवलेले मांस खात असेल आणि रस्त्यावरचे काही तोंडात घेत नसेल तर त्याला हा जंत होण्याची शक्यता फार कमी. तुमची काळजी वेगळ्या जंताची, टॉक्सोकारा नावाच्या गोलकृमीची. तो पिल्लाला आईच्या पोटातच लागतो, म्हणून एखाद्या महिन्याच्या गोंडस पिल्लातही तो असतो. 1950 मध्ये हेलेनॉर वाइल्डर या अमेरिकन संशोधक बाईंनी काढून टाकलेले 46 डोळे सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासले. त्यांतले बहुतेक मुलांचे होते आणि आत कर्करोग असल्याच्या संशयाने काढले होते. 24 डोळ्यांत कर्करोगाऐवजी गोलकृमीच्या अळ्यांच्या खुणा निघाल्या. दोन वर्षांनी न्यू ऑर्लिन्समध्ये पॉल बीव्हर यांच्या गटाने मुलांच्या यकृतात फिरणाऱ्या अशाच अळ्यांचे वर्णन केले, आणि 1956 पर्यंत वाइल्डरबाईंच्या अळ्यांची ओळख पटली, कुत्र्याचा गोलकृमी. तो माणसात मोठा होत नाही, अळी म्हणून भटकत राहते, डोळ्यात गेली तर नजर जाते. त्याची ताजी अंडी निरुपद्रवी असतात, मातीत दोन-तीन आठवडे गेल्यावर ती लागण करू शकतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलायची. पिल्लाला दोन आठवड्यांपासून जंताचे औषध सुरू करायचे आणि पुढचे वेळापत्रक पशुवैद्याकडून लिहून घ्यायचे. मूल कुत्र्याशी खेळले तर जेवणाआधी साबणाने हात. हे सगळे पुण्यात सहज होते. एखाद्या तालुक्याच्या गावात पशुवैद्यकीय दवाखाना म्हशी-बैलांचा असतो, कुत्र्याला घेऊन गेलात तर रांगेतले लोक तुमच्याकडे बघतात. तरी जावे.

आपल्या महाराष्ट्रात हायडॅटिडच्या शस्त्रक्रिया होतात. बऱ्याच रुग्णांना ‘लिव्हरमध्ये पाण्याची गाठ’ एवढेच सांगितले जाते आणि ती कुत्र्यातून आली हे ते कधी ऐकतही नाहीत. भारतात या जंताचा एक प्रकार म्हशीत चांगला रुळला आहे, म्हणजे प्रश्न मेंढपाळांपुरता नाही. मांसाच्या दुकानामागे बसणारी, टाकाऊ भागावर जगणारी कुत्री प्रत्येक गावात आहेत. गावाकडच्या जत्रेत बकरे कापले जाते तिथेही ती असतात, म्हणून हा एका समाजाचा विषय नाही. पण बकरी ईदला आपण एकाच वेळी इतक्या ठिकाणी जनावर कापतो की त्या तीन दिवसांत आपली जबाबदारी मोठी होते. मांसाचे तीन हिस्से मोजून करतो, कातडे मदरशाला जाते. उरलेली आतडी, फेफडे आणि खराब म्हणून बाजूला काढलेली कलेजी मात्र पोत्यातून नाल्याकाठी जाते.

मोठ्या शहरांत महापालिका ईदच्या दिवसांत कचऱ्याच्या जादा गाड्या लावते, त्यांची वेळ आणि जागा मशिदीतून एलान करून सांगता येते. लहान गावात मोहल्ल्याने मिळून ईदच्या आदल्या दिवशी एक खड्डा खणायचा, कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल. वर चुना आणि माती, आणि त्यावर दगड. आदल्या दिवशी म्हणतो कारण ईदच्या दिवशी कुणी फावडे हातात घेत नाही. कसाईभाईंना आधीच सांगून ठेवावे की पाण्याची गाठ दिसली तर ती चिरू नका, पूर्ण अवयवच वेगळ्या पिशवीत टाका. त्यांना ती गाठ आपल्यापेक्षा चांगली ओळखता येते. आतापर्यंत ती कुठे टाकायची हे कुणी त्यांना विचारले नव्हते, आणि कापणी चाललेली असताना चार पावलांवर वाट बघत बसलेला कुत्रा समोरच असतो.